चौपाटीवर सफाईच्या कामाला लागणार असाल तर

दादर-माहीमच्या चौपाटीवर मी कामगार म्हणून लागले, आता सकाळच्या पाळीची मुकादम आहे. दरवर्षी मे महिन्यात जादा माणसं भरतात, कारण जूनपासून समुद्र घेतलेलं सगळं परत द्यायला लागतो. नवी माणसं पहिल्या दिवशी एकच विचारतात, "ताई, काम जड आहे का?" जड आहेच. ओली वाळू जड, भिजलेली गोणी जड. पण हे काम ताकदीपेक्षा वेळेचं आहे. चुकीच्या वेळी चुकीच्या पट्ट्यात उतरलेला तगडा गडीही अकरा वाजेपर्यंत बसतो, आणि दुपारी भरती येऊन त्याची सकाळ धुऊन नेते. माझ्याकडच्या साठीला टेकलेल्या मावश्या त्याच्या दुप्पट कचरा वर आणतात, कारण पाणी कुठून कुठे जाणार हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून या लिखाणात भरती-ओहोटीलाच जास्त जागा दिली आहे. बाकीचं जमेल तसं.

काम मिळवायचं कसं

मुंबईतल्या चौपाट्या पालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे येतात, पण वाळूवर राबणारी बहुतेक माणसं कंत्राटदाराची असतात. पालिकेचे कायम सफाई कामगार वेगळे. तिथे जाहिरात निघते, किंवा लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसा हक्कानं नोकरी लागते. तुम्ही बाहेरून येत असाल तर कंत्राटाचीच वाट. त्यासाठी ओळख लागत नाही. सकाळी हजेरीच्या वेळी सफाई खात्याच्या चौकीवर जायचं आणि मुकादमाला विचारायचं. एप्रिल-मे आणि गणपतीच्या आधीचा महिना, या दोन वेळांना माणसं लागतात.

सोबत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो. आधार आणि पासबुक दोन्हीकडे नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं हवं. एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण पुढे पीएफ काढताना हीच गाठ सुटत नाही. कामाला लावण्याचे कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आज पैसे घेऊन लावणारा उद्या पैसे घेऊन दुसऱ्याला लावेल.

लागल्यावर पहिल्या पगाराच्या आत तीन गोष्टी मागून घ्या: पगाराची चिठ्ठी, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. पीएफ म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के कापले जातात, ईएसआयचे 0.75 टक्के. चिठ्ठीवर कापलेले दिसले म्हणजे भरले गेले असं नाही. उमंग अॅपवर पासबुक उघडून बघायचं. मोबाइलचं जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला बसवा, पाच मिनिटांचं काम आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा त्या दोन महिन्यांनंतरची चिठ्ठी जरा नीट वाचायची.

आणि स्वतःची एक वही ठेवा. तारीख, पाळी, कुठल्या पट्ट्यात काम केलं, मुकादम कोण होता, एवढं रोज एक ओळ. आमच्याकडे पोरं हसतात. पण मुंबईच्याच 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला तो काही हवेतून आला नाही. युनियननं वर्षानुवर्षं कोर्टात ठाण मांडलं, आणि असल्या भांडणात "मी तिथे कामाला होतो" हे कागदावर दाखवावं लागतं. कंत्राटदार बदलला की जुना हजेरीपट त्याच्याबरोबर जातो. वही तुमच्याकडे राहते.

तिथीवरून भरती काढायला शिका

मोबाइलवर भरतीची वेळ मिळते, वर्तमानपत्रात छापून येते, चौकीतल्या फळ्यावर आम्हीही लिहितो. तरी कोळ्यांचा तोंडी हिशेब शिकून घ्या, कारण मग तुम्ही उद्याचा आणि परवाचाही विचार करायला लागता. हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरवड्याच्या शेवटाकडे हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं मागे पडतो, म्हणून पौर्णिमा-अमावास्येला गुणाकार करत बसू नका, सरळ बारा धरा. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येते, हे त्याच हिशेबात आलं.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी ना धड वर ना धड खाली.

आता हे कामात कसं उतरतं ते बघा. आमची हजेरी सकाळी साडेसहाची. पौर्णिमेच्या सकाळी त्या वेळी समुद्र पार मागे गेलेला असतो, माहीमच्या बाजूला तर खडक आणि चिखलसुद्धा उघडा पडतो. नवा माणूस खूश होतो आणि वरच्या, भिंतीलगतच्या कोरड्या वाळूपासून सुरुवात करतो, कारण तिथे मध्यरात्रीच्या भरतीनं टाकलेली कचऱ्याची जाड रेघ समोर दिसत असते. ते उलटं आहे. पाणी आता चढायला लागलंय आणि बारापर्यंत चढणार. वरची रेघ अकरापर्यंत कुठेही जात नाही. खालच्या ओल्या पट्ट्यातला कचरा मात्र तासाभरात परत पाण्यात जाईल आणि दुपारी आणखी पसरून वर येईल. म्हणून उधाणाच्या सकाळी आधी खाली उतरायचं, पाण्याच्या कडेशी, आणि पाणी जसं ढकलेल तसं मागे सरकत वर यायचं. वरच्या रेघेला पोचाल तेव्हा दहा वाजलेले असतील.

अष्टमीला याच्या बरोबर उलट. साडेसहाला पाणी भरून नुकतंच उतरायला लागलेलं असतं. तेव्हा वरून सुरू करायचं आणि पाण्याच्या मागे मागे खाली जायचं. घाई नाही, समुद्र स्वतः जागा मोकळी करून देतो. भांगाचे दिवस आमचे सुखाचे.

सगळ्यात अवघड दशमी-एकादशीची सकाळ. हजेरी लागते तेव्हा पाणी चढतंय आणि साडेआठच्या आसपास भरणार. दीड-दोन तासच हातात. त्या वेळी गोणी भरायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांनी ओळीत उभं राहून दाताळ्यानं, म्हणजे लांब दांड्याच्या दातेरी हत्यारानं, कचरा फक्त वर ओढायचा, भरतीच्या रेघेच्या वर ढीग करायचे, आणि पाणी उतरायला लागलं की भरायला बसायचं. उचलणं नंतर होतं, ओढणं नंतर होत नाही.

पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची यादी पालिका आधीच जाहीर करते. दादरची पुळण अरुंद आहे. अशा दिवशी लाट थेट भिंतीवर आपटते, वाळू राहतच नाही. मग ढीग वाळूवर करून उपयोग काय? आम्ही त्या दिवशी सगळं रस्त्याच्या बाजूला काढून ठेवतो, आणि भरतीच्या तासभर आधी सगळी माणसं वर. त्या वेळी "एवढी एक गोणी घेऊन येतो" म्हणणाऱ्याला मी हजेरीच देत नाही. नाल्यांच्या तोंडाशी तर भर पावसात जायचंच नाही, मग भरती असो वा ओहोटी.

दाताळं धरायची पद्धत

हत्यारं साधी आहेत: दाताळं, फावडं, घमेलं, खराटा, भोकांची प्लास्टिकची पाटी, कोयता. यातलं दाताळं नीट धरता आलं की अर्धं काम आलं. नवा माणूस ते उभं धरून वाळूत रोवतो आणि ओढतो. त्यानं वाळू उकरली जाते, खालचा दाबलेला कचरा तुटून त्याचे तुकडे होतात आणि पाठ धरते. दांडा खाली झुकवा, दात वाळूवर जवळजवळ आडवे राहू द्या, बोटभर खोलीनं सरकवा. पाय एकामागे एक. हातानं ओढू नका, एक पाऊल मागे टाका, दाताळं आपोआप येतं. चार-पाच वेळा ओढलं की दाताळं उलटं करून झटकायचं.

ढीग झाला की घमेल्यानं नाही, भोकांच्या पाटीनं उचला. पाटी दोन्ही हातांत धरून दोन हिसके द्या, वाळू खाली सांडते, मग गोणीत ओता. कोरड्या वाळूत हे दोन हिसके पुरतात. ओल्या वाळूत ढीग आधी तासभर उन्हात पसरून ठेवावा लागतो. गोणी अर्धीच भरायची. पूर्ण भरलेली ओली गोणी दोघांनाही उचलत नाही आणि शिवणीतून फाटते, मग तोच कचरा दुसऱ्यांदा गोळा करा.

वाळू झटकण्यावर मी इतकी का अडून बसते ते सांगते. काही कंत्राटांत पैसे गाडीच्या वजनावर ठरतात. मग कुणीतरी हळूच सांगतं, "जास्त झटकू नका." तसं करायचं नाही. आपली चौपाटी आधीच दरवर्षी झिजते आहे, आणि गाडीबरोबर गेलेली वाळू कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडते, परत येत नाही. शिवाय वाळू गौण खनिज आहे, ती अशी उचलून न्यायची परवानगी कुणालाच नाही. माझ्या पाळीत गोणी ओतून बघितली जाते.

सगळं उचलायचंही नसतं. शिंपले, समुद्री शेवाळ, लाकडाचे बारके तुकडे यांना हात लावू नका. त्यात किडे-खेकडे राहतात, पहाटे तुतारीसारखे पक्षी ते टिपायला येतात. जिथे मर्यादवेल पसरली आहे तिथे दाताळं चालवायचं नाही, हातानं वेचायचं. वेल वाळू धरून ठेवते. फिरायला येणारे साहेब लोक "अहो, हा पाला राहिला" म्हणून बोट दाखवतात. हसून मान हलवायची आणि पुढे जायचं.

मशीनबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात. ट्रॅक्टरला जोडलेलं चाळणीचं मशीन सपाट, कोरड्या, रुंद वाळूवर उत्तम चालतं. जुहूसारख्या लांबरुंद किनाऱ्यावर ते हवंच. ओल्या वाळूत चाळणी बुजते, आणि माहीमच्या खडकाळ टोकाला त्याचा काही उपयोग नाही. जेसीबी किंवा लोडर ढीग उचलायला बरा, पण त्याच्या चाकांचे चर आणि खड्डे लगेच बुजवा. पहाटे अंधारात म्हातारी माणसं चालतात.

जाळी वाळूत रुतलेली असेल तर ओढू नका. वरून हातभर दिसते, खाली गाडीभर असते. आजूबाजूची वाळू फावड्यानं मोकळी करा, दिसेल तेवढी कोयत्यानं कापा, उरलेली लोडर आल्यावर. पाण्याच्या कडेला जाळी काढताना एकट्यानं उभं राहायचं नाही, लाट आली की तीच पायात गुंडाळते.

कुठून येतो हा सगळा कचरा

हे कळलं तर कुठे जास्त माणसं लावायची हे कळतं. चौपाटीवर बसून खाणाऱ्यांचा कचरा डोळ्यांत भरतो, कागदी डिश, शहाळी, चहाचे कप. पण तो वरच्या कोरड्या पट्ट्यातच असतो आणि खराट्यानं तासाभरात निघतो. खरा कचरा पाण्यातून येतो. विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून निघालेली मिठी नदी अख्खी उपनगरं ओलांडून माहीमच्या खाडीत उतरते. वाटेत जे जे तिच्यात पडतं ते आमच्या उत्तर टोकाला लागतं. शिवाय पावसाच्या पाण्याचे नाले थेट किनाऱ्यावर सुटतात. चैत्यभूमीजवळ समुद्र बघायला जो कठडा बांधलाय, ज्यावर संध्याकाळी फोटो काढायला गर्दी असते, त्याच्या खालीसुद्धा नाल्याचंच तोंड आहे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस सगळी जादा माणसं उत्तर टोकाला आणि नाल्यांच्या दोन्ही बाजूंना लावायची. आठ महिने नाल्यात साचलेलं एकदम बाहेर येतं: पिशव्या, चपला, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, गाद्या, डायपर, कधी जलपर्णी. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आमच्या दाताळ्याला ती अजून कळलेली नाही. थर्माकोल मात्र सगळ्यात आधी उचला. तो तुटून साबुदाण्याएवढा झाला की देवही गोळा करू शकत नाही.

मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत डांबरगोळेही येतात. जहाजांतलं आणि समुद्रातल्या विहिरींकडचं तेल घट्ट होऊन वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतं. ते वेगळ्या गोणीत भरा, दुसऱ्या कचऱ्यात मिसळू नका. पायाला-हाताला चिकटलं तर रॉकेल लावू नका, कातडी सोलवटते. खोबरेल तेल चोळून फडक्यानं पुसा, मग साबण.

हात-पाय सांभाळा

गमबूट आणि हातमोजे कंत्राटदारानं द्यायचे असतात. मागून घ्या, फाटले की परत मागा. मोजे जाड रबराचे हवेत, दवाखान्यातले पातळ नव्हेत. तरी सुईपुढे कुठलेच मोजे टिकत नाहीत. सुई दिसली की चिमट्यानं उचलायची आणि झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायची, गोणीत कधीच नाही, कारण ती गोणी पुढे कुणाच्या तरी पाठीला टेकणार असते. मी प्रत्येक जोडीला एक बाटली देते. टोचलीच तर जागा दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि तडक सायन किंवा केईएमला जा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या, पहिल्या दोन तासांत झाल्या तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. "पाळी संपल्यावर जाते" असं म्हणायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कामाला लागण्याआधीच घेऊन ठेवा.

पावसात साचलेल्या पाण्यातून काम केलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती. पालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा की पाण्यात काम केलंय, डॉक्टर गरज बघून गोळी देतात. ताप आला तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरला आपण काय काम करतो हे आधी सांगा.

ऑगस्टच्या सुमारास ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. निळा फुगा, खाली दोरा. मेलेला दिसला तरी दोरा डसतो. मोजे घातलेल्या हातानं किंवा चिमट्यानं दोरा काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका, वाळू लावू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं हात-पाय बुडवून ठेवा. चहाच्या टपरीवर गरम पाणी मिळतं, त्यांच्याशी ओळख ठेवावी ती यासाठीही. पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, त्याच्या काट्यालाही गरम पाणीच, पण तिथे दवाखाना चुकवायचा नाही. 2013 च्या गणपतीत गिरगावला विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या कितीतरी जणांना पाकटानं आणि जेली फिशनं फोडून काढलं होतं. उथळ पाण्यात चालावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, पाकट आधीच बाजूला होतं.

रोजचा त्रास मात्र या मोठ्या गोष्टींचा नसतो, पायाचा असतो. गमबुटात पाणी शिरतं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचा फुटतात. पायमोज्यांचे दोन जोड आणा, मधल्या सुट्टीत बदला. घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं पाय धुऊन, बोटांमध्ये कोरडं पुसून खोबरेल. बायांनी साडीवर लांब बाह्यांचा शर्ट घालावा हे खरं, पण पावसाळ्यात साडीचा काठ भिजून पोटरीला घासतो. माझ्याकडच्या बहुतेकजणी आता पँट घालतात, घरून निघताना वरून साडी. पाणी प्यायला टाळू नका. संडास लांब आहे म्हणून बाया पाणी पीत नाहीत आणि मे महिन्यात चक्कर येऊन पडतात. संडासाला जायला मी वेळ देते, तुमची मुकादम देत नसेल तर चारचौघी मिळून मागा.

हात लावायचा नाही अशा वस्तू

सीलबंद पाकिटं, पिंपं, अनोळखी पेट्या दिसल्या तर बाजूला व्हा आणि 112 ला फोन करा. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली होती. त्याआधीच्या वर्षी हरिहरेश्वरला रिकामी बोट लागली, तिच्यात बंदुका. प्रेत दिसलं तरी तेच. झाकू नका, हलवू नका, पोलीस येईपर्यंत लोकांना लांब ठेवा. मेलेला डॉल्फिन किंवा कासव असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवायचं. जिवंत कासव असेल तर त्याला पाण्यात ढकलू नका. बहुतेकदा ते आजारी किंवा जखमी असतं म्हणूनच वर आलेलं असतं. सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, नाक मोकळं ठेवा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी

दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, अनंत चतुर्दशी. त्या चार सकाळी हजेरी पहाटेच असते. ओहोटीबरोबर मूर्तींचे भाग उघडे पडतात. इथे पद्धत आहे ती पाळा. मूर्तीचे भाग आधी आणि हातानं उचलायचे, दाताळं लावायचं नाही, फावड्यानं फेकायचं नाही, त्यांची गाडी वेगळी. निर्माल्य वेगळं, त्याचं खत होतं. फोटो काढायचा नाही. अर्धवट विसर्जित मूर्तींचे फोटो काढायला पोलिसांची मनाई असते, आणि नसती तरी काढू नये. पहिल्यांदा आलेली पोरं श्रद्धेनं बूट काढून उतरतात. मी ओरडते. मखराच्या फळ्यांतले खिळे आणि मूर्तीच्या आतल्या सळया भक्ती बघत नाहीत. मनात नमस्कार करा, बूट पायातच ठेवा.

6 डिसेंबरला काम उलट जागी असतं. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, पण कचरा वाळूवर कमी, शिवाजी पार्क आणि रस्त्यांवर जास्त. पाण्याच्या पिशव्या आणि जेवणाच्या पत्रावळी. त्या तीन दिवसांत गोण्या वाटत फिरा, माणसं स्वतः भरून देतात.

रविवारचे स्वयंसेवक

2015 मध्ये वर्सोव्याला अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली आणि तीन वर्षांत त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली, तेव्हापासून सगळीकडे शनिवार-रविवारी कॉलेजची मुलं, कंपन्यांची माणसं येतात. सप्टेंबरचा तिसरा शनिवार तर किनारा सफाईचा आंतरराष्ट्रीय दिवस, त्या दिवशी वाळूपेक्षा टी-शर्ट जास्त. त्यांना नावं ठेवू नका, चिकाटीनं येणारेही त्यात असतात. पण त्यांना मोकळं सोडलं तर सगळे मिळून बाटल्याच वेचतात. एक पट्टा आखून द्या, थर्माकोल आणि बारीक प्लास्टिक वेचायला सांगा. ते काम वाकून, बसून करायचं असतं आणि आमच्याकडे त्याला माणसं पुरत नाहीत. लहान मुलांना नाल्याजवळ सोडायचं नाही, सुई दिसली तर हाक मारायची, हे आधीच सांगा. आणि जाताना त्यांचे हातमोजे मोजून घ्या. नाहीतर सोमवारी पहिली गोणी त्याच मोज्यांची भरते.

मुंबईबाहेर काम हवं असेल तर

रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गात किनारे ग्रामपंचायती, नगरपंचायती, नगरपरिषदांकडे असतात. माणसं कमी लागतात, पर्यटनाच्या दिवसांत जास्त लागतात, पैसे मुंबईपेक्षा कमी. कचरा कमी, जाळी आणि दारूच्या बाटल्या जास्त. पण तिथे एक वेगळा नियम शिकावा लागतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा गावांत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, 45 ते 60 दिवसांनी पिल्लं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ही कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत, अंड्यांना धक्का लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा त्या महिन्यांत भरतीच्या रेघेच्या वर ट्रॅक्टर नाही, खोल दाताळं नाही, सगळं हातानं. पहाटे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर त्यावरून चालू नका, मोडू नका, गावच्या कासवमित्राला बोलवा. हे कासवमित्र वनखातं गावातूनच नेमतं, रात्री-पहाटे किनारा चालायचं काम असतं, अंडी हॅचरीत, म्हणजे ती जपायच्या राखीव जागेत, हलवायची, पिल्लं सोडायची. किनाऱ्याचं काम आवडत असेल आणि गाव तिकडचं असेल तर ऑक्टोबरमध्येच वनपालाला जाऊन भेटा. नोव्हेंबर लागला की माणसं ठरलेली असतात.